मिक्सच्या दोन व्हर्जनची तुलना करताना आवाज सारखा कसा करायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या सेटअपवर किंवा छोट्या स्टुडिओत मिक्स करणाऱ्यांकडून हे प्रश्न सतत येतात. उदाहरणं बहुतेक गायक, तबला-ढोलकी, हार्मोनियम आणि थोडं प्रोग्रामिंग असलेल्या मराठी गाण्यांची घेतली आहेत. ईडीएम किंवा मेटल करणाऱ्यांनाही हीच पद्धत लागू पडते, आकडे फक्त बदलतील.

व्हर्जन ४ आणि व्हर्जन ५ दोन्ही एकाच सेशनमधली आहेत. मग लेव्हल जुळवायची काय गरज?

मिक्समध्ये केलेला जवळजवळ प्रत्येक बदल एकूण आवाजही थोडा हलवतो, म्हणून. ईक्यूने वरची धार वाढवली की आवाज वाढतो. रिव्हर्ब वाढवला, डबिंगचा आणखी एक थर घातला, बसवर (अनेक ट्रॅक एकत्र येतात त्या वाटेवर) सॅच्युरेशन लावलं, कॉम्प्रेसरचा मेकअप गेन दोन काटे जास्त ठेवला, की आवाज वाढतोच. नव्या व्हर्जनमध्ये आपण सहसा काहीतरी घालत असतो, काढत नसतो. त्यामुळे नवं व्हर्जन जुन्यापेक्षा मोठं असण्याचीच शक्यता जास्त.

आणि मोठं तेच आपल्याला चांगलं वाटतं. फरक पाच-सहा डीबीचा (डेसिबलचा) असेल तर कुणीही सांगेल की आवाज वाढवलाय. अर्ध्या-एक डीबीचा असेल तर मात्र आवाज वाढल्याचं लक्षातच येत नाही. तेव्हा आपण म्हणतो की हे जरा मोकळं वाटतंय, व्होकल जवळ आलाय, डग्ग्याला वजन आलंय. हे सगळं खरोखर ऐकू येत असतं, फक्त त्याचं श्रेय आपण चुकीच्या प्लगइनला देतो.

यामागे कानाची रचना आहे. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की कानाची वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीबद्दलची संवेदनशीलता आवाजाच्या पातळीनुसार बदलते. हळू आवाजात खर्ज सगळ्यात आधी नाहीसा होतो. पातळी वाढवली की खालचा भाग बाकीच्यांपेक्षा भराभर वर येतो. म्हणजे तुम्ही ईक्यूला हात न लावता नुसता फेडर वर केला तरी ऐकणाऱ्याच्या कानात टोनल बॅलन्स बदलतो. या वक्रांचं आजचं मानक आयएसओ २२६ आहे आणि त्याची अलीकडची आवृत्ती २०२३ची आहे.

किती फरक चालतो?

रोजच्या कामात ०.२ ते ०.३ डीबीच्या आत आणा. हेडफोनवर बारीक फरक तपासायचा असेल, म्हणजे दोन कन्व्हर्टर, दोन डिदर किंवा एकाच कॉम्प्रेसरची दोन मॉडेल, तर ०.१ डीबीच्या आत. एक डीबीचा फरक ठेवून काढलेल्या निष्कर्षावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

दोन्ही फाइली पीक नॉर्मलाइज केल्या, म्हणजे दोघींचं सर्वात उंच टोक एकाच पातळीला आणलं, तर पुरे ना?

नाही. पीक म्हणजे सॅम्पलचं सर्वात उंच टोक, त्याचा एकूण आवाजाशी संबंध फार सैल. ढोलकीची एक कडक थाप, तीही काही मिलिसेकंदांची, सगळ्या फाइलचं पीक ठरवते. समजा व्हर्जन ४मध्ये ढोलकीच्या थापा मोकळ्या आहेत आणि व्हर्जन ५मध्ये तुम्ही त्या कॉम्प्रेसरने दाबल्या. दोन्ही फाइली मायनस १ला नॉर्मलाइज केल्या, तर व्हर्जन ५मधला गायक, हार्मोनियम, पॅड सगळं चांगलं दोन-तीन डीबीने वर सरकेल. तुलना होण्याआधीच निकाल लागला!

मग एलयूएफएस वापरायचं. पण तो मीटर नेमकं काय मोजतो?

एलयूएफएस म्हणजे कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक. त्याचा हिशोब आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) बीएस.१७७० या शिफारशीतून येतो. ती पहिल्यांदा २००६ साली आली आणि युरोपातल्या प्रसारकांनी २०१०मध्ये आर१२८ नावाने तिच्यावर आपला नियम बेतला. मीटर सिग्नलला आधी एका फिल्टरमधून काढतो, ज्याला के-वेटिंग म्हणतात. या फिल्टरमध्ये साधारण दोन किलोहर्ट्झच्या वरचा भाग ४ डीबीने उचललेला असतो आणि तळाचा भाग कापलेला असतो. मग उरलेल्या सिग्नलची सरासरी ऊर्जा काढतात.

सरासरी काढण्याच्या तीन पद्धती मीटरवर दिसतात. मोमेंटरी म्हणजे ४०० मिलिसेकंद, शॉर्ट टर्म म्हणजे ३ सेकंद आणि इंटिग्रेटेड म्हणजे मोजायला सुरुवात केल्यापासून आतापर्यंत. इंटिग्रेटेडला गेट असतो. मायनस ७०च्या खालचं तो धरतच नाही, आणि उरलेल्या सरासरीपेक्षा १० युनिटनी हळू असलेले तुकडेही सोडून देतो. शांत आलाप किंवा शेवटचा लांब फेड मोजणीतून गळू शकतो, तो यामुळे.

तुलनेसाठी यातला कुठला आकडा बघायचा?

जो तुकडा ऐकणार आहात, त्याच तुकड्याचा इंटिग्रेटेड. पूर्ण गाण्याचा नको. इथे फार जण फसतात. समजा गाण्याची सुरुवात तंबोरा आणि आलापाने होते, मग ध्रुवपद, मग भरगच्च शेवट. व्हर्जन ५मध्ये तुम्ही फक्त शेवटचा कोरस वाढवलात. पूर्ण गाण्याचा इंटिग्रेटेड वाढला, म्हणून जुळवताना तुम्ही आख्खी फाइल खाली आणली. आता पहिला अंतरा व्हर्जन ४पेक्षा हळू झाला, जरी तिथे तुम्ही काहीच बदललेलं नव्हतं! तुम्ही अंतरा ऐकून ठरवणार की नव्या व्हर्जनमध्ये जीव नाही.

म्हणून लूप निवडा. अंतऱ्याच्या १५-२० सेकंदांचा एक, ध्रुवपदाचा एक. प्रत्येक लूप स्वतंत्र मोजा, स्वतंत्र जुळवा. दोन्ही व्हर्जनमध्ये लूपची सुरुवात आणि शेवट अगदी एकाच जागी हवा.

प्रत्यक्ष कसं करायचं, ते एकदा क्रमाने सांगा.

दोन्ही व्हर्जन एकाच सॅम्पल रेटवर बाउन्स (एक्सपोर्ट) करून नव्या, रिकाम्या सेशनमध्ये दोन ट्रॅकवर ठेवा. मास्टरवर काहीही नको. सुरुवात सॅम्पलपर्यंत एका रेषेत आहे ना, ते झूम करून बघा, कारण एखादं प्लगइन लेटन्सीची भरपाई नीट करत नसेल तर दुसरी फाइल किंचित मागे पडते आणि स्विच करताना लय अडखळते.

मग प्रत्येक ट्रॅक सोलो करून लूपचा इंटिग्रेटेड आकडा घ्या. समजा एक मायनस १५.८ आला आणि दुसरा मायनस १४.९. जो मोठा आहे त्याचा फेडर ०.९ डीबीने खाली घ्या. हळू असलेला वर कधीच नेऊ नका, कारण त्याची पीक शून्याला भिडली तर तुम्ही क्लिपिंग ऐकत बसाल.

आता मॉनिटरचा, म्हणजे ऐकण्याच्या स्पीकरचा, आवाज एकदा ठरवा आणि तुलना संपेपर्यंत नॉबला हात लावू नका. दोन्ही ट्रॅक एकत्र चालू ठेवून एक्स्क्लुझिव्ह सोलोने किंवा म्यूटने आलटून पालटून ऐका. स्विच गाणं न थांबवता व्हायला हवा. आवाजाचा बारीक पोत स्मृतीत काही सेकंदच ताजा राहतो. एक फाइल बंद करून दुसरी फोल्डरमधून उघडेपर्यंत तो गेलेला असतो आणि मग आपण आठवणीशी तुलना करत बसतो.

मी फक्त व्होकल १ डीबी वर केला. लेव्हल जुळवली तर तो बदलच पुसला जाणार नाही का?

हा या विषयातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर आकडे मांडूनच द्यायला हवं.

समजा तुमच्या मिक्समध्ये व्होकल आणि बाकीचं वाद्यवृंद यांची ऊर्जा अर्धी-अर्धी आहे. मराठी भावगीताच्या धाटणीच्या मिक्समध्ये हे अगदी शक्य आहे. व्होकल १ डीबी वर नेला की एकूण आवाज साधारण अर्धा डीबी वाढतो (नेमका ०.५३). आता तुम्ही नवं व्हर्जन ०.५३ने खाली आणलं. झालं असं की जुन्याच्या तुलनेत व्होकल ०.४७ने वर आहे आणि वाद्यं ०.५३ने खाली. व्होकल आणि वाद्यांमधलं अंतर मात्र पूर्ण १ डीबीच आहे. तुमचा निर्णय त्या अंतराबद्दल होता, तेव्हा तो कुठेही पुसला गेलेला नाही. गाणं शेवटी स्ट्रीमिंगवर जाईल तेव्हाही ते अशाच समान पातळीवर वाजणार आहे.

पण ऐकताना कान वेगळंच करतो. गाण्यात आपलं लक्ष गायकावर असतं, त्यामुळे वाद्यं अर्धा डीबी मागे गेल्याचं आपण "नव्या व्हर्जनमध्ये तबला पडला" असं नोंदवतो. यासाठी मी दुसऱ्या पद्धतीनेही जुळवून बघतो. लूप असा निवडायचा ज्यात गायक सलग गातोय, आणि मीटर बाजूला ठेवून दोन्ही व्हर्जनमधला गायकच कानाने सारखा मोठा करायचा. म्हणजे व्होकल खुंटी, आणि बाकीचं तिच्याभोवती वरखाली होताना ऐकायचं. मग प्रश्न बदलतो: गायक इतकाच असताना मला त्यामागे तबला किती हवा? माझ्या अनुभवात या प्रश्नाचं उत्तर फार लवकर मिळतं.

सिनेमा आणि मालिकांच्या मिक्समध्ये हाच विचार नियमात बसवलेला आहे. नेटफ्लिक्स मायनस २७ची जी पातळी मागतं, ती संपूर्ण साउंडट्रॅकवर न मोजता संवादावर मोजलेली असते. माणसाचा आवाज जुळला की प्रेक्षक रिमोट उचलत नाही.

दोन्ही पद्धतींनी एकच व्हर्जन जिंकलं तर प्रश्न मिटला. वेगवेगळी जिंकली तर मी खुंटीच्या पद्धतीला जास्त मान देतो, निदान गायकप्रधान गाण्यात तरी.

बेस वाढवलेलं व्हर्जन मीटरवर सारखं आहे, पण कानाला सारखं वाटत नाही. मीटर बिघडलाय का?

मीटर ठीक आहे. के-वेटिंग तळाचा हिशोब कमी धरतं. ५० हर्ट्झला फिल्टर साधारण ४ डीबी कापतो, १०० हर्ट्झला साधारण १. त्यामुळे सब-बेस बराच वाढवला तरी एलयूएफएस जेमतेम हलतो, आणि चांगल्या स्पीकरवर मात्र ते व्हर्जन अंगावर येतं. उलट, दोन किलोहर्ट्झच्या वर थोडी धार दिली तरी मीटर लगेच वर जातो. म्हणून तीव्र ईक्यूच्या बदलांत मीटरचा आकडा फक्त सुरुवातीची जागा समजा. तिथून कानाने अर्धा-पाऊण डीबी इकडे-तिकडे करायला काहीच हरकत नाही.

एक युक्ती उपयोगी पडते. बदल जिथे केलाच नाही तो पट्टा धरून जुळवा. डग्ग्याचा घुमारा वाढवला असेल, तर मॉनिटरवर तात्पुरता ३०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून दोन्ही व्हर्जन मोजा. वरचा भाग सारखा झाला की फिल्टर काढा आणि फक्त घुमाऱ्याबद्दल ठरवा. बसवर कॉम्प्रेसर असेल तर वरचा भागही थोडा हललेला असतो, हे ध्यानात ठेवा.

लिमिटर लावलेलं आणि न लावलेलं व्हर्जन कसं ताडून बघायचं?

लिमिटर लावलेलं खाली आणून. बरेच लिमिटर ही सोय आतच देतात. फॅबफिल्टर प्रो-एल २मध्ये युनिटी गेनचं बटण आहे, ओझोनमध्ये गेन मॅच आहे. ते दाबून बायपास केलं की लिमिटरने काय दिलं आणि काय घेतलं ते उघडं पडतं. तबल्याच्या चाटीची धार आणि गायकाच्या श्वासाची पातळी, या दोन जागी आधी ऐका. चाट बोथट होते आणि श्वास, खोलीचा आवाज, हेडफोनमधून मायक्रोफोनमध्ये झिरपलेला क्लिक असं सगळं वर येतं.

मास्टरिंगमध्ये किती दाबायचं हा निर्णय फक्त अशाच पद्धतीने घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. स्पॉटिफाय डीफॉल्टला गाणी मायनस १४च्या आसपास आणतं, ॲपल म्युझिकचा साउंड चेक मायनस १६कडे, यूट्यूब मोठी गाणी खाली आणतं पण हळू गाणी वर नेत नाही. मायनस ८चा मास्टर तिथे खाली येणारच. मग उरतो तो फक्त त्याचा दबलेपणा, आणि श्रोता तेवढाच ऐकतो.

रेफरन्स गाण्याशी तुलना करतानाही हे लागू आहे?

तिथे तर आधी. प्रकाशित गाणं मास्टर झालेलं असतं, तुमचा मिक्स अजून झालेला नसतो, आणि मधलं अंतर सहज सहा-सात डीबी असतं. रेफरन्स तेवढा खाली आणा आणि तो तुमच्या मास्टर बसवरच्या कॉम्प्रेसर-लिमिटरमधून जात नाही ना, हे दोनदा बघा. बसमधून गेला की ते गाणं दुसऱ्यांदा मास्टर होतं आणि तुमच्या मिक्सपेक्षा वाईट वाजून तुम्हाला खोटा धीर देतं.

यूट्यूबवरून रेफरन्स ऐकत असाल तर प्लेअरवर राइट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडा. तिथे कंटेंट लाउडनेसचा आकडा दिसतो. गाणं मुळात किती मोठं होतं आणि किती खाली आणलंय, ते त्यावरून कळतं.

ऐकायचं किती मोठ्याने?

एकाच ठरलेल्या पातळीवर, आणि बोलणं ऐकू येईल इतक्या बेताने. सिनेमाच्या मोठ्या डबिंग थिएटरमध्ये एका स्पीकरची संदर्भ पातळी ८५ डीबी सी-वेटेड धरतात. १० बाय १२च्या खोलीत ते असह्य होतं, तिथे ७५च्या आसपास बरं पडतं. फोनवरचं मोजणीचं ॲप तंतोतंत नसलं तरी रोज त्याच पातळीवर परत यायला पुरतं. नॉबवर पेन्सिलने खूण केली तरी चालेल. निर्णय झाल्यावर एकदा अगदी हळू आवाजातही दोन्ही ऐका. शब्द कळतात की नाही, ते तिथे लगेच समजतं.

आवाज जुळवला तरी मला माहीत असतं की नवं व्हर्जन कुठलं. त्याचं काय?

मग माहीत नसेल अशी व्यवस्था करा. घरातल्या कुणालाही, अगदी दहावीतल्या मुलीलाही, जुळवलेल्या दोन फाइली देऊन "अ" आणि "ब" अशी नावं द्यायला सांगा. एकटे असाल तर डोळे मिटून स्विच भराभर इतक्या वेळा दाबा की मोजदाद सुटेल, मग ऐकून आवडेल तिथे थांबा आणि डोळे उघडा. होफाचं ब्लाइंडटेस्ट प्लगइन किंवा फूबार२०००चं एबीएक्स कंपोनंटही आहे. एबीएक्समध्ये "एक्स" हा "अ" आहे की "ब", ते न बघता ओळखायचं असतं.

एबीएक्स आणि आवड या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. फरक ऐकू येतो का, याचं उत्तर एबीएक्स देतं. ५ पैकी ४ बरोबर आले म्हणून खूश होऊ नका, नुसत्या अंदाजाने तसं होण्याची शक्यता जवळपास १९ टक्के असते. १६ पैकी १२ आले तर ती ४ टक्क्यांच्या खाली जाते. फरक खरोखर ऐकू येतो हे ठरल्यावरच आवडीचा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

नल टेस्टने फरक दिसत असताना हे सगळं कशाला?

एका फाइलची पोलॅरिटी उलटी करून बेरीज केली की उरतो तो फरक, हे खरं. पण तिलाही लेव्हल जुळलेली लागते. बाकी सर्व तंतोतंत सारखं आणि फक्त ०.१ डीबीचा फरक असेल तरी मागे मायनस ३९ डीबीच्या आसपास संपूर्ण गाणं उरतं. ते ऐकून प्लगइनने बरंच काही बदललंय असा समज होतो. शिवाय उरलेला सिग्नल किती मोठा आहे यावरून कुठलं व्हर्जन चांगलं, हे ठरत नाही.

संगीतकाराला त्याचा स्वतःचा रफ मिक्सच आवडतो. माझा "दबलेला" वाटतो म्हणतो.

आधी त्याचा रफ मीटरवर टाका. बहुतेक वेळा त्यावर लिमिटर असतो आणि तो मायनस ८-९ला वाजत असतो, तुमचा मिक्स मायनस १६ला. गाडीत तो दोन्ही एकामागून एक लावतो, नॉबला हात लावत नाही, आणि त्याचा काही दोष नसतो. श्रोता असाच ऐकतो.

दोन फाइली पाठवा, दोन्ही तुम्ही समान केलेल्या: त्याचा रफ खाली आणलेला आणि तुमचा मिक्स. व्हॉट्सॲपवर पाठवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नावात "फायनल" किंवा "नवीन" लिहू नका. मग फोनवर विचारा, "दादा, ध्रुवपदात गायक कुठल्यात जास्त भावतो?" असा नेमका प्रश्न विचारला की उत्तरही नेमकं येतं. यानंतरही रफ आवडला तर तो गांभीर्याने घ्या. त्यात तालाची किंवा रिव्हर्बची अशी एखादी गोष्ट असते जी तुमच्या मिक्समध्ये हरवली आहे.

फक्त ऐकण्याची प्रत मोठी हवी असेल तर मिक्सवर तात्पुरता लिमिटर लावून वेगळी फाइल द्या. मास्टरिंगला जाणारी फाइल मात्र त्याविना.

मोनो फाइलची स्टिरिओशी तुलना करताना मीटर ३ने कमी दाखवतो.

एका चॅनलची फाइल मोजताना ऊर्जेची बेरीज एकदाच होते, दोन चॅनलमध्ये तोच सिग्नल असेल तर दोनदा. म्हणून ३चा फरक. दोन्ही फाइली स्टिरिओ करूनच मोजा.

पैसे न घालता काय वापरता येईल?

युलीन लाउडनेस मीटरची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. रीपरमध्ये लाउडनेस मीटर सोबतच येतो, लॉजिकमध्येही. कमांड लाइनची भीती नसेल तर एफएफएमपेगचा ईबीयूआर१२८ फिल्टर एका ओळीत आकडा देतो. आपोआप लेव्हल जुळवणारी प्लगइनं विकतही मिळतात, पण सतत बदलत राहणारी ऑटो गेन मी टाळतो. ती अंतऱ्यात एक आणि ध्रुवपदात दुसरा गेन लावते, आणि गाण्याची चढउतारच सपाट करून टाकते. स्थिर फेडर बरा.

जुळवल्यावर दोन्ही सारखीच वाटतात. आता?

लूप बदलून बघा, मग फोनच्या स्पीकरवर बघा. तिथेही फरक नसेल तर जुनं व्हर्जन ठेवा आणि नव्यात घातलेली प्लगइनं काढून टाका. सहा महिन्यांनी गायक दुरुस्तीसाठी परत आला की सेशन उघडावं लागतं, आणि जितकी प्लगइनं कमी तितकं ते न कुरकुरता उघडतं.